भाऊकाका, तुमचं मत राहूनच गेलं

भाऊकाका, तुम्हाला जाऊन महिना होत आला. एवढ्या दिवसांत समाचाराला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, की माणसाने आयुष्यात कुणावर अन्याय केला नाही. समोरच्या दुकानातले रमणीकभाई तर काकूसमोर बसून रडले. ‘भाऊसाहेबे कोई दिवस कोईने अन्याय नथी कर्यो, मेधाबेन,’ ते मला म्हणाले. मी मान डोलावली आणि चहाच्या निमित्ताने आत गेले. आणखी दोन मिनिटं तिथे बसले असते तर मी त्यांना सांगून टाकलं असतं, की केलाय, एकदा केलाय, माझ्यावर केलाय, आणि वर घंटी वाजवून केलाय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन की, लोकांशी बोलताना चांगलंच बोलेन. पण हे तुमच्याशी बोलणं आहे आणि तुमच्याशी मी गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय यायचा. तुमची पुतणी म्हणून या घरात वाढले ती भांडतच वाढले. भांडायला शिकवलंतही तुम्हीच.

आपल्या घरची सभा बाहेरच्यांना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ येतात. माझ्या सासरी हरणीला तर अजून कुणाचा विश्वास बसत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेव-उसळ खाऊन झाली की तुम्ही माडीवर सतरंजी घालायला लावायचात. तुम्ही खुर्चीत, बाकी सगळे खाली. तुमची सगळी नोकरी सरकारी सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली, आणि तिथे जे कधी मनासारखं बघायला मिळालं नाही ते तुम्ही घरात करून बघत होतात. विषय मांडायचा, बोलायचं, हात वर करायचे. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक मत, मग ती सून असो की सासू. अध्यक्षाला मत नाही, मतं सारखी पडली तरच. गोंधळ झाला की देवघरातली घंटी वाजवायची. ‘देवाची घंटी आहे ती, तुमच्या भांडणांना काय म्हणून?’ असं काकू दर वेळी म्हणायची आणि दर वेळी तुम्ही ती धुऊन, पुसून परत ठेवायचात.

त्या सभेची चेष्टा करणारी मी नव्हे. दुसऱ्या घरांतल्या मुलींना विचारल्याशिवाय त्यांचे फ्रॉकसुद्धा शिवले जात, आणि माझी आई आपल्या नवऱ्याच्या विरुद्ध हात वर करून, मग शांतपणे खाली जाऊन त्याच्याचसाठी पोळ्या करायची. केबल घ्यायचं की नाही यावर सभा झाली तेव्हा तुम्ही खुर्ची सोडून खाली बसून विरोधात बोललात आणि हरलात. मग कितीतरी महिने तुम्ही टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचलात, पण केबलवाल्या पोराला पैसे देताना कधी कुरकुर केली नाहीत. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, तुमचा मुलगा असूनही, शरददादा म्हणाला, की आता मेधाचं मत तिच्या सासरी. तुम्ही घंटी उचलली. ‘लग्नाने मुलगी जाते, मत जात नाही,’ म्हणालात. हे मी विसरलेले नाही. कशाला विसरू? हे आठवतं म्हणूनच तर बाकीचं सहन होत नाही.

बी.ए. झाल्यावर राज्यशास्त्रात एम.ए. करायचं हे माझं ठरलेलं होतं. कुठून करायचं, एवढाच प्रश्न होता. दर संध्याकाळी गच्चीवर आपण दोघांनी तो किती चघळला! पुण्याला मावशी होती, राहण्याची सोय होती. आपल्या बडोद्याचा विभाग चांगला होता, सर ओळखीचे होते, सायकलवर जाऊन येता आलं असतं. आणि दिल्ली. दिल्लीत मला कुणी ओळखत नव्हतं. तिथे राज्याराज्यांच्या राजकारणावर अख्खा पेपर होता, आणि वर्गात मणिपूरपासून केरळपर्यंतची मुलं असणार होती. तुम्ही मला म्हणाला होतात, ‘इथे तू वाद घालतेस ते सगळे तुझ्याच घरात जन्मल्यासारखे. वाद घालायला आपल्यासारखा नसलेला माणूस लागतो.’ हे तुमचं वाक्य, भाऊकाका. दिल्लीचं वेड माझ्या डोक्यात घातलं कुणी?

प्रवेशपरीक्षा अहमदाबादला होती. बाबांना रजा नव्हती म्हणून तुम्ही आलात. केंद्राच्या बाहेर लिंबाखाली, मांडीवर थेपल्यांचा डबा आणि छुंद्याच्या गोड लोणच्याची बाटली घेऊन बसला होतात. मी बाहेर आले तर कशी गेली हे न विचारता तुम्ही प्रश्नपत्रिका मागितलीत. परतीच्या गाडीत तुम्ही एकेक प्रश्न वाचलात, माझं उत्तर ऐकलंत आणि ते खोडून काढलंत. मी तुमचं खोडलं. समोरचे गृहस्थ वैतागून जागा बदलून गेले. आणंद स्टेशन गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘होईल तुझं.’ आणि झालंही. निकालाचं कळलं तेव्हा तुम्ही वाडीतल्या दुकानातून जिलेबी आणलीत आणि अख्ख्या गल्लीला सांगून आलात.

मग पहिला रविवार आला आणि बाबांनी विषय मांडला. मेधाने दिल्लीस जावे किंवा कसे.

मला अजून आठवतं, मी तुमच्याकडे बघून हसले होते. मला वाटलं, तुम्ही हा विषय घेणारच नाही. पण तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘बोला.’

बाबा बोलले की लांब आहे, एकटी मुलगी आहे. काकू म्हणाली, ‘दोन वर्षांनी स्थळं बघायची ती आत्ताच बघू, दिल्लीचं पाणी लागलं की मुली हाताशी राहत नाहीत.’ शरददादा तेव्हा नुकता रसायनांच्या कंपनीत विक्रीला लागला होता, त्याचा सगळा दिवस स्कूटरवर जायचा आणि त्याला जग धावताना दिसत होतं. ‘भई, अलकापुरीत जाऊन बघ जरा, गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघालेत,’ तो म्हणाला. ‘आता तर सरकारच धंद्यातून बाजूला होतंय. मग सरकारचं शास्त्र शिकून शुं करवानुं?’ मी म्हटलं, सरकार कुणाच्या बाजूने बाजूला होतंय ते कळायलाच शिकायचंय. तेव्हा तुमच्या ओठांचा कोपरा हलला होता. मी पाहिला होता. आईने एकच वाक्य म्हटलं: ‘तिची हुशारी तिची आहे, तिला नेऊ दे कुठे न्यायची ती.’ नीलिमावहिनी, शरददादाची बायको, तान्ह्या मुक्ताला मांडीवर थोपटत होती.

हात वर झाले. बाबा, काकू, शरददादा विरोधात. आई आणि मी बाजूने. आणि मग वहिनीने, नवऱ्याकडे न बघता, बाळाच्या डोक्याखालचा हात काढून वर केला.

मतं सारखी पडली. माझा जीव भांड्यात पडला, कारण आता तुम्ही होतात. थेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही. जिलेबी वाटणारे तुम्ही. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, ‘मतं समान. अध्यक्षांचं निर्णायक मत प्रस्तावाच्या विरोधात.’ आणि घंटी वाजवलीत. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

मी जिन्यात तुम्हाला अडवलं. तुमचा सदरा धरला होता मी. ‘भाऊकाका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ असं विचारलं. तुम्ही माझा हात सोडवलात आणि म्हणालात, ‘अध्यक्षाला वाटणं नसतं, मेधा.’

वाटणं नसतं! असं कसं म्हणवलं तुम्हाला? लिंबाखाली बसलेल्या माणसाला वाटणं होतं ना? मग ते खुर्चीत बसताना कुठल्या खुंटीला टांगून आलात?

मी आपल्याच विद्यापीठात शिकले. चांगलं शिकले, खोटं कशाला बोलू. पहिल्याच वर्षी संसदीय कामकाजाच्या तासाला सरांनी सांगितलं, की मतं समान पडली तर अध्यक्षाने आहे ती स्थिती राखण्याच्या बाजूने मत द्यावं असा संकेत असतो. सभेत जे बहुमत नाही ते अध्यक्षाने आपल्या एका मताने निर्माण करू नये. मी बाकावर बसल्या जागी तापले. म्हणजे तुम्ही माझ्या विरोधात नव्हतात. बाजूनेही नव्हतात. तुम्ही फक्त संकेत पाळला होतात. घरात सतरंजीवर बसलेल्या सहा माणसांना तुम्ही संसद समजलात आणि माझ्या पुढच्या आयुष्याला विधेयक. जगात दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली असती? दुसऱ्या घरात बाप ओरडला असता, काका ओरडला असता, मुलगी रडली असती नाहीतर पळून गेली असती. आपल्याकडे सगळं नियमात झालं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर येऊन तुमच्याशी भांडले. म्हटलं, हा संकेत कायद्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही. आणि आहे ती स्थिती म्हणजे काय? मी इथेच असणं ही स्थिती? की माझी निवड झाली होती, जागा पक्की झाली होती, ही स्थिती? मी देशाचं सरकार निवडू शकत होते आणि माझा वर्ग निवडायला मला घरात बहुमत लागत होतं? तुम्ही शेंगा सोलत ऐकत होतात. ‘मुद्दा बरोबर आहे,’ म्हणालात. ‘पण मी तेव्हा खुर्चीत होतो.’ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हे मी गिळलंही असतं, भाऊकाका. नियमाचा माणूस, नियमात अडकला, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट मला वहिनीने पुढे सांगितली. मी तेव्हा कॉलेजच्या शिबिराला गेले होते. मुक्ता पोटात होती आणि शरददादाने सभेत विषय आणला होता, की बाळंतपणानंतर नीलिमाने शाळेची नोकरी सोडावी. तुम्ही त्याला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. घंटी वाजवून म्हणालात, ‘हा विषय सभेपुढे येत नाही. नोकरी जिची आहे तिला विचार.’

म्हणजे ते तुमच्या हातात होतं! विषय घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार खुर्चीचा असतो, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. लोकाच्या मुलीसाठी तुम्हाला तो अधिकार आठवला. घरच्या मुलीच्या वेळी तुम्ही चष्मा पुसलात आणि ‘बोला’ म्हणालात. का? वहिनी नोकरी करून संध्याकाळी घरी येणार होती आणि मी येणार नव्हते, म्हणून? गच्चीवर तुमच्याशी वाद घालायला कुणी उरलं नसतं, म्हणून? असंच असेल तर सरळ सांगायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे तुम्ही नव्हतात. ‘मेधा, जाऊ नकोस, मला करमणार नाही,’ असं म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित थांबलेही असते. पण मग मी तुमच्यासाठी थांबले असते, एका संकेतासाठी नाही.

मी वर्षानुवर्षं विचारत राहिले. माझं लग्न झालं, मी कॉलेजात शिकवायला लागले, निर्णायक मताचा धडा दर वर्षी मुलांना शिकवत राहिले आणि दर वर्षी त्या दिवशी घरी जाताना दांडिया बाजारातल्या आपल्या घराकडे वळून तुमच्याशी पुन्हा तोच वाद घालत राहिले. काकू म्हणायची, ‘आली हो तुमची फिर्यादी.’ तुम्ही खूश व्हायचात. मुलांनी काय प्रश्न विचारले, कोण माझ्यासारखं बोललं, कोण तुमच्यासारखं, सगळं ऐकून घ्यायचात. उत्तर मात्र द्यायचा नाहीत.

शेवटच्या आठवड्यात मी तुमच्यासाठी लिची सोलत होते. तुम्हाला बी काढून द्यावी लागत होती. मी म्हटलं, ‘भाऊकाका, आता तर तुम्ही खुर्चीत नाही, पलंगावर आहात. आता सांगा.’ तुम्ही म्हणालात, ‘तू अजून तिथेच आहेस का गं?’ मी म्हटलं, ‘हो, तिथेच आहे. तुम्हीच ठेवलंत.’ तुम्ही हसलात, मग खोकलात, मग काकू आली आणि माझ्यावर रागावली. तुम्ही डोळे मिटलेत ते झोप आली म्हणून, की मला टाळायला, हे आता मला कोण सांगणार? मी चिडून डबा न घेताच निघून गेले होते. गुरुवारी शरददादाचा फोन आला.

तुमचं गोडजेवण झालं आणि पहिला रविवार आला. मला वाटलं या वेळी तरी चुकेल. पण काकूनेच सतरंजी घालायला लावली आणि घंटी देवघरातून स्वतः आणून माझ्या हातात दिली. ‘खुर्चीत तू बस. तुलाच कळतं त्यातलं,’ म्हणाली. तुमची खुर्ची मला मोठी होते. पाय टेकत नाहीत नीट.

शरददादाने विषय मांडला. मुक्ताने दिल्लीस जावे किंवा कसे.

हो, मुक्ताच. तुमची नात, जी त्या सभेत वहिनीच्या मांडीवर होती. बारावी झाली, तिला राज्यशास्त्र घ्यायचंय, दिल्लीच्या कॉलेजात नाव लागलंय. पुण्यालाही लागलंय आणि इथेही. तुम्ही आजारी होतात म्हणून कुणी तुमच्या कानावर घातलं नाही. शरददादा आता स्वतःच्या कारखान्याचा मालक आहे, केस पिकलेत, पण भाषण तेच. इथे राहून बी.बी.ए. कर, धंदा बघ. ‘भाऊंच्या घरात मत घेतल्याशिवाय काही झालं नाही,’ तो म्हणाला. ‘घेऊ या मत. जे होईल ते मला मान्य.’ बाबा मान हलवत होते. वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात हात मोजले: तिकडे तेच तिघं, इकडे आई, वहिनी आणि नुकती अठरा पूर्ण झालेली मुक्ता. पुन्हा सारखेच पडणार होते.

मी घंटी वाजवली. इतक्या जोरात वाजवली की खालून रमणीकभाईंनी वर पाहिलं म्हणे.

‘हा विषय सभेपुढे येत नाही,’ मी म्हटलं. ‘शिक्षण जिचं आहे तिला विचार.’

‘अगं पण असा नियम कुठे...’ शरददादा म्हणाला.

‘तुझ्या बायकोला विचार कुठे आहे ते. तिला पाठ आहे.’

वहिनी हसली आणि मग तिला रडू आलं. काकू म्हणाली, ‘हेही असंच म्हणाले होते, आठवतं मला.’ शरददादा मान खाली घालून बसला. तो वाईट नाही, भाऊकाका, घाबरलेला आहे. बाप जाऊन महिना झाला नाही तोच मुलगी चालली. त्याला रात्री मी समजावेन.

मला वाटलं, जिंकले. इतक्या वर्षांनी तुमच्या खुर्चीत बसून तुमचा निकाल मी फिरवला. पण सतरंजी गुंडाळताना मुक्ताने मला जिन्यात गाठलं. त्याच जिन्यात. म्हणाली, ‘आत्या, मत नाही घेतलंस ते बेस्ट केलंस. पण आता मला एकटीलाच ठरवायचंय आणि मला भीती वाटते. बाबा इथलं म्हणतात, आई म्हणते तुझं तू बघ. तुला काय वाटतं ते सांग ना.’

आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? तेच. की मी अध्यक्ष होते, मी कशी सांगू. तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात, आयतं तयार होतं, आणि ते किती सोपं होतं हे मला तेव्हा कळलं. म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. उलट जास्त चीड आली. ते वाक्य जिभेवर येतं तसं गिळताही येतं, दोन पायऱ्या उतरायला लागतो तेवढ्या वेळात गिळता येतं. मी गिळलं.

मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. इथला विभाग चांगला आहे, मी त्याची खाल्ली आहे भाकर. पुण्यात सोय आहे. दिल्लीत पहिले सहा महिने रडशील, इंग्रजीत अडखळशील, जेवण आवडणार नाही, आणि तुझ्यासारखं एकही माणूस भेटणार नाही, तेच हवंय तुला. तू गेलीस तर तुझे बाबा कोमेजतील आणि मलाही करमणार नाही, हेही ऐकून ठेव. आणि मग म्हटलं, ‘तरी मला विचारशील तर, जा.’

एवढाच शब्द होता, भाऊकाका. जा. तो म्हणायला खुर्ची सोडावी लागत नाही, संकेत मोडावा लागत नाही, मत तर मुळीच द्यावं लागत नाही. तुम्ही हवं तर माझ्या विरोधात दहा वेळा घंटी वाजवायची होती, आणि मग जिन्यात, माझा हात तुमच्या सदऱ्यावर असताना, एवढं म्हणायचं होतं. किंवा जाऊ नकोस म्हणायचं होतं. मी काहीही ऐकून घेतलं असतं.